शक्तीची गोळी

पार्सिपनीत शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की पुरुष मंडळी ऑफिसचे किस्से काढतात. कुणाचा मॅनेजर कॅमेरा चालू ठेवून मीटिंगमध्ये घोरला, कुणी राजीनाम्याची मेल चुकून सगळ्या कंपनीला पाठवली. सगळे हसतात. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, "मंजिरी, तुझ्याकडे काय नवीन?" माझ्याकडे नवीन पुष्कळ असतं. पण माझे किस्से सुरुवातीला हसवतात आणि शेवटी लोकांचे हात ताटातच थांबतात. म्हणून यजमानीणबाई हल्ली मला म्हणतात, आधी सगळ्यांची जेवणं होऊ देत, मग सांग.

मी एका हार्ट क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे. नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर सात वर्षं घरी बसून पोळ्या लाटल्या, आणि वर्क परमिट आलं तशी सहा महिन्यांचा कोर्स करून लोकांच्या छातीवर मॉनिटर चिकटवायला लागले. बिस्किटाएवढा मॉनिटर. चौदा दिवस छातीवर राहतो आणि हृदयाचा एकूणएक ठोका नोंदवतो. सोबत आम्ही एक छोटी डायरी देतो, कधी काय वाटलं ते लिहायला. माणूस पंधराव्या दिवशी परत येतो तेव्हा त्याच्याकडे किस्सा असतोच. असे वर्षानुवर्षं साठत जातात, आणि विसरावेत म्हटलं तर नेमके तेच आठवतात.

*

मंगळवार हा आमचा चिनी वार. जवळच वयस्कर चिनी लोकांचं एक डे सेंटर आहे, त्यांची व्हॅन सकाळी दहाला आमच्या दारात उभी राहते. आठ-नऊ आजी-आजोबा हळूहळू उतरतात, प्रत्येकाच्या हातात गरम पाण्याचा थर्मास. पहिल्या मंगळवारी मी आपली अगत्याने त्यांना फ्रिजमधल्या थंडगार पाण्याच्या बाटल्या वाटल्या. मी विष देतेय अशा नजरेने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका आजींनी तर बाटली माझ्या हातात परत देऊन माझ्या घशाला हात लावून पाहिला. माझ्या सासूबाईंनी अगदी हेच केलं असतं. तेव्हापासून ही माणसं मला घरचीच वाटतात.

आमचा डॉक्टर सोहम. आईवडील मराठी, हा इकडेच, शॉमबर्गला वाढलेला. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मला ताई म्हणतो. सोहमला ज्या दुखण्याची सगळ्यात धास्ती आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हृदयाचा वरचा कप्पा ठोका द्यायचं सोडून नुसता थरथरत राहतो. मग तिथलं रक्त पुढे न जाता साचतं, साकळतं, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी एक दिवस मेंदूत जाऊन बसते. काहींना छातीत फडफड जाणवते. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. सोहम म्हणतो, चीनमध्ये हे दुखणं घेऊन हिंडणारी माणसं अगणित आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना त्याचा पत्ताही नाही. आमच्या व्हॅनमधून तर दर मंगळवारी एखादं निघतंच.

"द वन्स हू फील नथिंग, ताई," तो मला म्हणाला होता, "दे स्केअर मी."

आणि फ्रंट डेस्कवर लिन. बेचाळीस वर्षांची, उजव्या हातात हिरवी जेडची बांगडी. नवरा केव्हाच सोडून गेला, घरी ती आणि तिचे वडील. मंगळवारी आमची दुभाषी तीच.

*

सुन आजी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी नेमकी लिन सुटीवर होती, म्हणून फोनवरचा दुभाषी लावला. आजी पाच मिनिटं बोलल्या, छातीवर मूठ आपटून आपटून बोलल्या. स्पीकरमधून आवाज आला, "शी सेज शी इज नर्व्हस."

सोहमने विचारलं, कशाबद्दल? आजी पुन्हा पाच मिनिटं. "शी इज व्हेरी नर्व्हस."

फाईल उघडली तर दीड वर्षात तीन डॉक्टर झालेले. तिघांनीही मनाची भीती असं लिहून नसा शांत करायच्या गोळ्या दिलेल्या. इकडे माझ्या ईसीजी मशीनमधून पट्टी निघत होती आणि तिच्यावर एकाही ठोक्याचं दुसऱ्याशी जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लिनला विचारलं, आजी नेमकं काय म्हणाल्या असतील? तिने सांगितलं, "शिन-हुआंग. शिन म्हणजे हृदय. हुआंग म्हणजे घाबरलेलं."

मी कपाळावर हात मारला. माझी आई नागपूरहून फोनवर म्हणते, "सकाळपासून घाबरं होतंय गं." आई कुणालाही घाबरत नाही, सगळी गल्ली आईला घाबरते. घाबरं होतंय म्हणजे छातीत धडधडतंय, जीव कासावीस होतोय. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण फोनवरच्या दुभाष्याने तिचं इंग्रजी केलं असतं तर आईलाही नसांच्याच गोळ्या मिळाल्या असत्या.

मशीनच्या वर भिंतीला आम्ही एक कागद लावला. वर लिनच्या अक्षरात दोन चिनी अक्षरं, खाली माझं 'घाबरं होतंय', त्याखाली सोहमच्या इंग्रजीत, 'हे नर्व्हस नव्हे.'

सुन आजींची गोळी बदलली. पण मधल्या काळात त्यांचा डावा हात एकदा लुळा पडून अर्धवटच सुधारला होता. त्याचीही नोंद फाईलमध्ये सापडली. लिहिलं होतं, नर्व्हसनेसमुळे हातातून कप पडला.

*

गुठळीचा धोका किती, हे ठरवायला डॉक्टर लोक पॉइंट देतात. वयाचे पॉइंट, बीपीचा पॉइंट, शुगरचा पॉइंट. एक आजोबा होते, निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांची बेरीज करून सोहमने प्रेमाने त्यांच्या नाकासमोर चार बोटं धरली आणि म्हणाला, "फोर."

आजोबांनी शांतपणे शर्टाची बटणं लावली आणि जाऊन व्हॅनमध्ये बसले. त्यांना बघून आणखी दोघं जाऊन बसले.

लिन सोहमला म्हणाली, "आमच्या भाषेत चार आणि मरण हे जवळजवळ एकसारखे उच्चार आहेत. तू त्यांच्या तोंडासमोर बोटं नाचवून मरण, मरण म्हणालास."

सोहम ओशाळला. पुढच्या मंगळवारी त्याने तयारी केली होती. आजोबांना बसवलं, हात पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "थ्री प्लस वन."

गणिताचे मास्तर. बेरीज त्यांना येत होती. पण ते उठायच्या आत लिनने भाषांतर करून टाकलं होतं, आणि आजोबा मान हलवून गोळ्यांचा कागद घेऊन गेले. सोहमला अजून वाटतं की त्याची युक्ती चालली. लिनने मला खरं काय ते नंतर सांगितलं. तिने आजोबांना सांगितलं होतं, पाच. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक चारवाल्याला पाच मिळतात. खोटं बोलायला लिनला आवडत नसे, पण माणूस गोळी घेणार असेल तर तिला त्याचं काही वाटत नसे. माझंही मत तेच होतं. हे आत्ताच सांगून ठेवते.

*

आपल्या लोकांचा एक किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर म्हणाल हिला चिन्यांचंच कौतुक.

दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या नवऱ्याचं, प्रसादचं घड्याळ वाजलं आणि त्याच्यावर अक्षरं आली, तुमचे ठोके अनियमित आहेत. प्रसादने फराळाची प्लेट खाली ठेवली. दहा मिनिटांत सगळ्या हॉलला बातमी. चँडलरहून दिराचा व्हिडिओ कॉल आला, "वहिनी, मलाही टेस्ट करायचीय यार, माझं हार्ट रेट मीटिंगमध्ये शूट होतं." महिनाभर आमच्या क्लिनिकमध्ये मराठी आयटीवाल्यांची रीघ लागली. प्रत्येकजण एक्सेल शीट घेऊन आलेला. एकालाही काही निघालं नाही. घड्याळाचे पट्टे सैल होते. एकजण तर हिरमुसून म्हणाला, "ताई, नीट बघा ना. नक्की काहीच नाही?"

त्याला वाटेला लावलं तेव्हा लिनचे वडील दाराशी उभे होते. वेई काका. ते रोज बाराला लेकीचा डबा घेऊन चालत यायचे. एका कापड गिरणीच्या कँटीनमध्ये तीस वर्षं स्वयंपाकी होते. दंड अजून भक्कम, हसले की डोळे दिसेनासे व्हायचे. नवीन मशीन आलं होतं, ते कुणावर तरी लावून बघायचं होतं. मी गमतीत म्हटलं, काका, या, झोपा.

पट्टी बाहेर यायला लागली आणि माझं हसू गेलं. लिन दारात उभी होती. पट्ट्या वाचायला ती माझ्याकडेच शिकली होती.

मी म्हटलं, विचार त्यांना, छातीत काही होतं का? धडधड? घाबरं?

तिने विचारलं. काकांनी विचार करून उत्तर दिलं. लिनचा आवाज बारीक झाला होता. "म्हणतात, काही होत नाही. फक्त भूक लागलीय."

*

सोहमने गोळी लिहून दिली, गुठळी होऊ न देणारी. तिला सगळे ब्लड थिनर म्हणतात. लिनने त्याचं सरळ भाषांतर केलं, रक्त पातळ करणारी गोळी. तिथेच घोटाळा झाला.

वेई काका उठून बसले. म्हणाले, "तीस वर्षं सहाशे माणसांना पेज खाऊ घातली. पेजेत कधी पाणी वाढवलं नाही. आता रक्तात वाढवू?"

त्यांच्याकडे दाट म्हणजे कस, दाट म्हणजे जोम. पातळ रक्त म्हणजे माणूस संपला. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? कागद त्यांनी घडी घालून लेकीच्या खिशात ठेवला आणि घरी निघून गेले.

त्या दिवशी लिन सामानाच्या खोलीत खोक्यावर बसून रडली. तिची आई अशीच गेली होती. चीनमध्ये, लिन इकडे असताना. झटका आला आणि अर्धं अंग गेलं. "आमच्याकडे त्याला वारा लागला म्हणतात," लिन म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडेही वाराच. अर्धांगवायू. ती म्हणाली, "मी विमानतळावर होते तेव्हा आई गेली. बाबांना कळलं की आईचं दुखणं त्यांच्याही अंगात आहे, तर ते गावी जाऊन मरायची वाट बघत बसतील. तसं ते बोलूनच दाखवतात. मला दुसरं काही नको, मंजिरी. बाबांना वारा लागू द्यायचा नाही, एवढंच."

आता माझा प्रताप ऐका.

माझ्या वडिलांनाही हृदयाचं दुखणं होतं, आणि तेही गोळ्यांचं नाव काढलं की अंगावर यायचे. शेवटी भावाने त्या गोळ्या टॉनिकच्या बाटलीत भरल्या आणि सांगितलं, बाबा, शक्तीच्या गोळ्या आहेत. बाबांनी आठ वर्षं बिनबोभाट घेतल्या. गणपतीत दगदग होते म्हणून दोन मागायचे. आमच्या भागात कुठल्याही गोळीला शक्तीची म्हटलं की माणूस आपणहून तोंड उघडतो. हे सगळं मी लिनला मोठ्या फुशारकीने सांगितलं.

लिनने डोळे पुसले. "शाक्ती," ती म्हणाली.

सोहमला सांगायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं.

*

माझ्या घरी व्हायटॅमिनची एक रिकामी बाटली होती. तिचं लेबल खरवडून मी मार्करने देवनागरीत झोकदार अक्षरात लिहिलं, शक्ती. सोहमने लिहून दिलेल्या लाल गोळ्या आत भरल्या. लिनने वडिलांना सांगितलं, माझ्या इंडियन मैत्रिणीकडचं व्हायटॅमिन आहे, फार मोलाचं, कुणालाही देत नाहीत. नाव शाक्ती. रोज एक, जेवणाबरोबर.

पुढच्या मंगळवारी वेई काका क्लिनिकमध्ये आले ते उजवा दंड फुगवून, मूठ वर करून. मला बघून म्हणाले, "शाक्ती."

सगळी वेटिंग रूम हसली. त्या दिवसापासून हा आमचा रामराम झाला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, चिनी मला येत नव्हतं, आमच्या दोघांत एवढा एकच शब्द. सुन आजी लिनच्या मागे लागल्या, आम्हालाही ती लाल व्हायटॅमिन दे. लिनने त्यांना त्यांच्याच पुड्यातली गोळी दाखवून सांगितलं, हीच ती. त्या आठवड्यापासून सुन आजींनी एकही गोळी चुकवली नाही. सोहम खूश. म्हणाला, "ताई, आय डोन्ट नो व्हॉट यू गाइज डिड, बट इट्स वर्किंग."

लिन दर रविवारी बाटलीतल्या गोळ्या बघायची. बरोबर सात कमी झालेल्या असायच्या. ती सोमवारी येऊन मला सात बोटं दाखवायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

*

हिवाळ्यात लिनची तब्येत उतरली. शनिवार-रविवारी ती दुसरीकडे भाषांतराचं काम करायची, सुटी म्हणून घ्यायचीच नाही. चेहरा ओढलेला. ड्रॉवर हाताला नुसता घासला तरी निळा डाग, आणि तो दोन-दोन आठवडे जायचा नाही. जेडच्या बांगडीखाली मनगटावर तर कायमचंच निळं वळं. मी विचारलं, बांगडी घट्ट होतेय का? म्हणाली, नाही, सैल झालीय. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. एका मंगळवारी सुन आजींचा फॉर्म भरताना तिच्या नाकातून टपकन फॉर्मवर पडलं.

मी म्हटलं, हीटिंगने हवा कोरडी झालीय.

हृदयाच्या पट्ट्या वाचून पोट भरणारी मी. मी म्हटलं, हीटिंग.

रोज बाराला वेई काकांचा डबा यायचा. तांदळाची पेज, चमचा उभा राहील इतकी दाट, कधी अंडं घातलेली, कधी लाल बोरं घालून शिजवलेली. आम्ही दोघी सामानाच्या खोलीत बसून जेवायचो. लिनला कधीकधी संपायची नाही, पण ती तळ खरवडून संपवायची. "बाबा घरी गेल्यावर डबा उघडून बघतात. रोज बजावतात, तळापर्यंत खा. तू कामाने झिजतेयस."

मी म्हटलं, बरोबर सांगतात. खजूर खा, डाळिंब खा. काहीतरी शक्तीचं घे.

लिन हसली. तिच्या दातांच्या कडांना लाल रेघ होती.

*

मार्चमधला मंगळवार. त्या दिवशी काका व्हॅनमधून आले, बाहेर बर्फ होता म्हणून. दारातून आत आले, मला बघितलं आणि रोजच्यासारखी मूठ वर करायला गेले. उजवा हात वर आलाच नाही. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलले. तो शब्द नव्हता. ओठाचा एक कोपरा खाली लोंबला होता.

मी त्यांना पडता पडता धरलं. लिन डेस्कमागून धावत आली. तिच्या तोंडून चिनीत एकच शब्द निघत होता. नंतर मला कळलं, ती वारा, वारा म्हणत होती.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सोहम आला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "देअर्स नो ट्रेस ऑफ द मेडिसिन इन हिज ब्लड. नथिंग. लिन, टेल मी द ट्रुथ. डिड यू स्टॉप इट?"

लिनने पर्समधून बाटली काढली. गोळ्या जितक्या हव्यात तितक्याच उरल्या होत्या. ती म्हणाली, "रोज एक कमी होते. मी स्वतः मोजते. दर रविवारी."

सोहम त्या बाटलीवरची देवनागरी अक्षरं वाचत राहिला. त्याला मराठी वाचता येतं, हे मी विसरले होते. मग मी सगळं सांगितलं. नागपूरचं, बाबांचं, टॉनिकचं. बोलताना मला माझीच लाज वाटत होती.

सोहमला पूर्ण वाक्य मराठीत बोलताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलला. "ताई, तुम्ही लोक असं का करता?"

त्या रात्री लिनने आणि मी तिचं घर उलथंपालथं केलं. उशीच्या खोळीत बघितलं, कुंड्या उकरल्या, जुन्या बुटांत हात घातला. काका तोंडात धरून थुंकत असणार, दुसरं काय? एकही गोळी सापडली नाही. लिन रिकाम्या कुंडीशी बसून म्हणाली, "मग गेल्या कुठे?"

*

शेवटचा किस्सा मी शनिवारच्या जेवणांना सांगत नाही.

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी मी लिनला रिहॅब सेंटरला घेऊन गेले. तीन आठवडे घरचा डबा नाही, बिचारी कॅफेटेरियातल्या सँडविचवर होती. तरी हातावरून ओव्हरकोटची बाही सरकली तेव्हा दिसलं, डाग गेले होते. बांगडीखालचं वळंही गेलं होतं. मी म्हटलं, हवा बदलली. तिने मान हलवली. तिचं लक्ष नव्हतं. तिने ठरवलं होतं, आज बाबांना सगळं खरं सांगायचं. दुखण्याचं नाव, आईचं, गोळीचं. सोहमला तसा शब्द दिला होता. गाडीत ती पूर्ण वेळ ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होती.

वेई काका खिडकीशी व्हीलचेअरवर होते. उजवा हात उशीवर ठेवलेला. तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून एकही शब्द फुटला नव्हता. ओळखत सगळ्यांना होते, पण बोलायला गेले की नुसता श्वास यायचा, आणि मग ते मान फिरवायचे.

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच तोंडाने खायची परवानगी मिळाली होती. तोपर्यंत सगळं नळीतूनच, गोळ्यासुद्धा नर्स कुटून नळीतून द्यायच्या. ट्रेमध्ये तांदळाची पेज होती, पाणीदार. काकांनी चमचा बुडवून वर धरला, पेज घळाघळा खाली ओघळली. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की इतक्या दिवसांनी मला हसू आलं. ट्रेच्या कडेला कागदी कपात एक लाल गोळी होती. नर्स म्हणाली, गिळली तर गिळू द्या, नाहीतर पेजेत कुटून द्या, कशीही चालेल. आणि चार्ट भरत बाजूला उभी राहिली.

लिन त्यांच्यासमोर स्टूलवर बसली. श्वास घेतला आणि म्हणाली, "बा."

काकांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते कपात बघत होते. डोळे बारीक झाले, मग एकदम ओळख पटली. डाव्या हाताने त्यांनी गोळी उचलून ट्रेवर ठेवली. तिच्यावर चमच्याची पाठ ठेवली आणि अंगठ्याने दाबली. गोळी निसटली, पुन्हा ठेवली, पुन्हा दाबली. डावा हात सरावाचा नव्हता, तरी स्वयंपाक्याचा हात होता तो. बारीक पूड होईपर्यंत ते कुटत राहिले. मग बोटाने सगळी पूड कडेला ओढून वाडग्यात पाडली, एक कणही न सांडता, आणि ढवळायला लागले. लाल रंग पार नाहीसा होईपर्यंत ढवळलं. चमच्याने थोडी वर उचलून उजेडात धरून बघितली.

लिन स्टूलवरून त्या वाडग्याकडे बघत होती.

काकांनी वाडगा डाव्या हाताने ढकलत ढकलत तिच्यापुढे नेला. चमचा तिच्या हातात दिला. वाडग्याच्या तळावर बोट ठोकून दाखवलं, दोनदा.

मग डावी मूठ हळूहळू वर केली. त्यांचे ओठ बराच वेळ नुसते हलले, आणि तीन आठवड्यांतला पहिला शब्द बाहेर आला. तो मला आधी कळला, लिनने भाषांतर करायची गरजच नव्हती.

"शाक्ती," ते लेकीला म्हणाले.